दुसऱ्या बटणाची उंची

"मेलेलं झाड वाढतंय," असं भाऊजींनी दारातूनच सांगितलं आणि बूट न काढता सरळ दुकानात शिरले. ताईचं मशीन चालू होतं, माझ्या हातात एका गिऱ्हाइकाची पँट होती. फरशी मी नुकतीच पुसली होती, त्यामुळे माझं पहिलं लक्ष बुटांकडे गेलं.

"कोण वाढतंय?" मी विचारलं.

"झाड. मेलेलं."

"मग वाढू दे की. जिवंतांना कुठे जमतंय!"

एरवी अशा बोलण्यावर त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी त्यांनी ते कानावरच घेतलं नाही. कापडाच्या गठ्ठ्यावर बसले, लगेच उठले, खिडकीशी गेले, परत आले आणि ताईच्या मशीनवरची टेप उचलून तिच्याकडे संशयाने बघू लागले. तेव्हा मात्र मी पँट बाजूला ठेवली.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. आम्हा दोघी बहिणींचं शिवणाचं दुकान आहे, खाली दुकान आणि वर घर. माझं लग्न झालं नाही, म्हणजे मी केलं नाही, म्हणून वर एक खोली माझी आहे. भाऊजी मला 'कात्री' म्हणतात. माझी जीभ बघता ते नाव वाईट नाही. त्यांना स्वतःला गावभर 'फीतवाले' म्हणतात, कारण आम्ही माणसं मोजतो तशी ते झाडं मोजतात. वनकेंद्रात त्यांची तीच नोकरी. घरात टेप सापडेनाशी झाली की आम्ही तिघं आधी एकमेकांवर आळ घेतो आणि मग शोधायला लागतो.

त्यांचं काम ऐकायला सोपं आहे. दरवर्षी पानं गळून गेली की ठरलेल्या तुकड्यांमधल्या प्रत्येक झाडाला छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायची आणि आकडा सांगायचा. मागच्या वर्षापेक्षा टेप जितकी जास्त लागली, तितकं झाड वाढलं. उंची मात्र दरवर्षी तीच हवी, कारण खोड खाली जाड असतं आणि वर बारीक होत जातं. जरा खाली मोजलं की झाड फुकटचं लठ्ठ दिसतं. आमच्याकडे कंबर मोजताना टेप खाली सरकली की असंच होतं, फक्त आमचं गिऱ्हाईक भांडतं, झाड भांडत नाही.

नदीच्या वळणावर असे दोन तुकडे शेजारी शेजारी आहेत. एकात सगळी झाडं एकाच जातीची, एकाच आठवड्यात लावलेली. शाळेच्या प्रार्थनेला मुलं उभी राहावीत तशी ती उभी आहेत, सरळ आणि एका उंचीची. दुसरा तुकडा मिश्र. तिथे कुणी आभाळाला टेकलंय, कुणी त्याच्या काखेत, कुणी त्याच्या गुडघ्याशी. काहींना भरपूर ऊन लागतं, काही सावलीतच सुखी असतात, काहींची मुळं खोल तर काहींची वरच्यावर पसरलेली. कोणता तुकडा जास्त वाढतो, हा केंद्राचा प्रश्न होता. भाऊजींचा तो प्रश्न नव्हता, कारण त्यांना उत्तर माहीत होतं. मिश्र तुकडा हा त्यांचा लाडका मुलगा होता आणि दरवर्षी ते त्याचं प्रगतिपुस्तक आम्हाला जेवताना ऐकवायचे.

हा नुसता लाड राहिला असता तर मी पँटच शिवत बसले असते. पण आमच्या गल्लीच्या मागचा डोंगर आग लागून बोडका झाला होता. तेव्हापासून जोराचा पाऊस आला की माती आणि दगड गटारात येत आणि दुकानाच्या पायरीवर चिखल साचत असे. आता केंद्र त्या उतारावर झाडं लावणार होतं. मोठ्या साहेबांना एकच जात हवी होती, कारण ती पटकन वाढते, सरळ वाढते आणि तिचा हिशेब सोपा. संशोधन करणाऱ्या मॅडमना मिश्र जंगल हवं होतं, आणि त्यांच्या हातात मिश्र तुकड्याची भाऊजींनी मोजलेली वाढ होती. बैठक पुढच्या सोमवारी होती. म्हणजे डोंगराचं काय व्हायचं ते भाऊजींच्या टेपेवर ठरणार होतं.

आणि त्या टेपेने सांगितलं होतं की मिश्र तुकड्यातलं उभं वाळलेलं झाड, ज्याला एक पान नाही, ज्याची साल कधीच गळून गेली, ते वाढतंय.

"मेलेल्याला कशाला मोजता पण?" मी विचारलं.

"पडेपर्यंत मोजायचं असा नियम आहे. वाळलं की लाकूड आक्रसतं, कात्री. याचा घेर कमी व्हायला हवा. गेल्या वर्षी जरा जास्त भरला, मी म्हटलं हात हलला असेल. या वर्षी आणखी जास्त."

"टेप ताणली असेल," ताई मशीन न थांबवता म्हणाली.

त्यांनी टेप दुकानातल्या लोखंडी पट्टीवर ताणून लावली. बरोबर होती. मग माझी लावली, मग ताईची. माझीच थोडी चुकीची निघाली आणि तेवढ्यावरून मी दिवसभर ऐकून घेतलं.

त्यानंतरचे दिवस घरात कुणाला चैन नव्हतं. भाऊजी दिसेल ते मोजत सुटले. जिन्याचा खांब सकाळी मोजला, दुपारी मोजला, उन्हाने लाकूड फुगतं का बघायला. पाण्याचा पिंप मोजला. गल्लीतल्या विजेच्या खांबाला टेप लावून उभे राहिले, तेव्हा समोरच्या केस कापणाऱ्याने मला विचारलं, "फीतवाल्यांचं सगळं ठीक ना?" जेवायला बसले की एक पाय हलत राहायचा आणि ताटं थरथरायची. चहा अर्धा टाकून जंगलात जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. मेलेल्या माणसाला भेटायला कुणी इतक्या वेळा जात नाही. ताई काही बोलत नव्हती. तिचं न बोलणं मला खटकायला हवं होतं, पण मी त्यांच्या पायाच्या हलण्यावरच चिडत बसले.

"काय एवढं?" मी शेवटी म्हटलं. "एक झाड गाळून टाका."

"एक खोटं निघालं तर बाकीच्यांचं काय?" ते म्हणाले. "त्याच टेपेने, त्याच हाताने मोजलीत. ती तरी वाढली की मी वाढवली?"

मी पुन्हा पँट हातात घेतली.

शुक्रवारी दुकान बंद असतं. त्या शुक्रवारी त्यांनी मला बरोबर चल म्हटलं. "तुझे डोळे तिरके आहेत. काहीतरी दिसेल."

एकजातीच्या तुकड्यातून जाताना पायाखाली नुसती वाळकी पानं वाजत होती. प्रत्येक खोडावर पांढऱ्या रंगाचा पट्टा होता, सगळे पट्टे एका ओळीत. त्या पट्ट्यावर टेप ठेवायची, झालं. मग ओढा ओलांडला आणि मिश्र तुकडा सुरू झाला. माझ्या डोक्याला फांदी लागली, पदर काट्यात अडकला आणि मी जंगलाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण खरं सांगते, तिथे हवा वेगळी होती. वर मोठी झाडं, त्यांच्या खाली मधली, मधल्यांच्या खाली सोटासारखी बारीक, त्यांच्याही खाली रोपं. ऊन एका पानावरून दुसऱ्यावर उतरत खाली येत होतं आणि जमिनीवर पोचेपर्यंत फारसं उरत नव्हतं. सगळं कुणी ना कुणी वाटेत वापरून टाकत होतं.

"ही बारीक झाडं म्हणजे गर्दी," भाऊजी म्हणाले. "साहेब म्हणतात, काढून टाका, मोठ्यांना जागा होईल. आमचे खरे पैलवान हे." त्यांनी एका प्रचंड खोडावर थाप मारली. खोडाची साल कागदासारखी सुटून लोंबत होती.

"याला पट्टा नाही?"

"ही साल टाकणारी जात. रंग लावला की पुढच्या वर्षी सालीबरोबर खाली. मेलेल्याला तर सालच नाही."

"मग टेप नेमकी कुठे लावायची हे कसं कळतं?"

ते हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसले. छाती पुढे काढून त्यांनी शर्टाच्या वरून दुसऱ्या बटणावर बोट ठेवलं. "नोकरीला लागलो तेव्हा उंचीची काठी दिली होती. ती माझ्याशेजारी उभी केली तर बरोबर या बटणाला आली. काठी मी त्याच दिवशी ओढ्यात फेकली. माझी छाती हीच सरकारी छाती!"

असं म्हणून ते मेलेल्या झाडासमोर उभे राहिले आणि त्यांनी टेप गुंडाळली. मी बाजूला होते, म्हणून मला ते बाजूने दिसले. माणूस बाजूने कसा दिसतो हे शिंप्याइतकं कुणी बघत नाही. मान पुढे आलेली, खांद्यांखाली पाठ गोल झालेली. रोज घरात बघत होते आणि बघितलंच नव्हतं. पण माझी नजर अडली ती पाठीवर नाही, शर्टावर. वाकलेल्या माणसाच्या अंगावर साधा शर्ट पुढून लोंबतो आणि मागून वर उचलला जातो. भाऊजींचा शर्ट पुढून-मागून एका रेषेत होता. तसा तो आपोआप बसत नाही. त्यासाठी पुढचा भाग आखूड आणि मागचा लांब कापावा लागतो, मुद्दाम, कळून.

त्यांचे शर्ट ताई शिवते. कायम तीच शिवते, मला हात लावू देत नाही.

"काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

"काटे," मी म्हटलं आणि पदर सोडवून घराची वाट धरली. वाटेत त्यांनी दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का.

घरी आल्यावर ते वर हातपाय धुवायला गेले आणि मी दुकानात ताईला गाठलं. "कधीपासून कापतेस त्यांचा पुढचा भाग आखूड?"

ती दचकली नाही. दोऱ्याचं टोक दाताने तोडत म्हणाली, "बरीच वर्षं झाली. दर वर्षी थोडं थोडं."

"आणि सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? तुम्ही वाकलात म्हणून?" तिचा आवाज चढला. "तुला माहीत आहे ना मी त्यांना होकार कसा दिला?"

मला माहीत होतं, आमच्या घरात तो विनोदच आहे. मुलगा बघायला येणार होता त्या दिवशी ताईने खिडकीतून बघितलं, तर तो गल्लीत पाठमोरा, ताठ उभा राहून एका झाडाकडे बघत होता. तिने तोंड बघायच्या आधीच आईला सांगितलं, चालेल. भाऊजींना या गोष्टीचा भारी अभिमान. त्यांचे वडील लाकडाच्या वखारीत ओंडके वाहून वाहून कमरेत मोडले होते, म्हातारपणी जमिनीकडे बघत चालायचे. मी तसा होणार नाही, असं भाऊजी आल्यागेल्याला ऐकवायचे आणि ताठ उभे राहायचे.

"शर्ट पुढून लोंबायला लागला की माणसाला कळतं," ताई म्हणाली. "मी तेवढं कळू दिलं नाही. त्यात कुणाचं काय गेलं?"

"डोंगर गेला," मी म्हटलं आणि तिला बटणाची गोष्ट सांगितली. ते जसजसे वाकले तसतसं बटण खाली आलं, बटणाबरोबर टेप खाली आली, आणि साल टाकणारी सगळी झाडं दर वर्षी जरा जरा जाड होत गेली. पट्टेवाली नाही. फक्त मिश्र तुकड्यातली.

आमचं एवढं बोलणं झालं तेव्हा भाऊजी जिन्यात उभे होते. किती ऐकलं हे विचारायची गरज पडली नाही. त्यांनी अंगातला शर्ट काढला आणि त्याचा पुढचा आणि मागचा काठ हातात धरून एकमेकांना लावला. पुढचा कमी पडला. चांगली चार बोटं कमी पडला.

"तू मला बनवलंस," ते ताईला म्हणाले.

"शर्ट बनवला," ताई म्हणाली.

ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते दुकानात इकडून तिकडे चालत राहिले. आरशासमोर आले की मान वळवायचे. एकदा थांबून पाठ सरळ करायचा प्रयत्न केला, थोडी झाली, मग श्वास सोडताच पुन्हा होती तशी. मला त्यांच्याकडे बघवेना. वयाने वाकणं काही मोठी गोष्ट नाही, सगळेच वाकतात. पण त्यांना ते आधी बायकोने सांगितलं नव्हतं, मेव्हणीने सांगितलं नव्हतं, एका मेलेल्या झाडाने सांगितलं होतं.

"सोमवारी बैठक आहे," ते शेवटी म्हणाले. "एक मेलेलं झाड गाळलं तर कुणाला कळणार आहे? मॅडमना नाही, साहेबांना नाही. मिश्र जंगल चांगलंच आहे, हे मला माहीत आहे. आकडा जरा फुगला तर काय बिघडलं? डोंगर तर वाचेल."

मी म्हटलं, "मग गाळा. गप्प बसा." मनापासून म्हटलं. आमच्या पायरीवरचा चिखल मीच काढते.

ताई म्हणाली, "आणि मग रोज पाय हलवत जेवणार का? मला नाही चालणार."

रात्रभर वरच्या खोलीत पावलं वाजत होती. सकाळी चहा न घेता ते मॅडमच्या घरी गेले.

मॅडमचं मला कौतुक वाटतं. बाई चिडली नाही, रडली नाही, कुणाला दोष दिला नाही. पण तिने जे सांगितलं ते चिडण्यापेक्षा वाईट होतं. चूक खरी, म्हणाली, आणि कोणत्या वर्षी किती हे माहीत नाही. आज बटण किती खाली आहे ते मोजता येईल, सुरुवातीला बरोबर होतं हेही ठाऊक आहे. मधलं काहीच ठाऊक नाही. तेव्हा साल टाकणारी सगळी झाडं हिशेबातून काढावी लागतील. आणि ती काढली की उरलेल्याला मिश्र तुकडा म्हणता येत नाही. म्हणजे सोमवारी बैठकीत मिश्र चांगलं की वाईट यावर एकच उत्तर देता येईल, की सांगता येत नाही.

"हरलो असतो तर चाललं असतं," भाऊजी घरी येऊन म्हणाले. "हे तर खेळलोच नाही असं झालं." या वेळी ते बसले, आणि बसूनच राहिले. मला ते येरझाऱ्यांपेक्षा भयंकर वाटलं.

ताई उठली. तिने मशीनवरचं झाकण ओढलं. ते झाकण म्हणजे भाऊजींचा जुना खाकी शर्ट, बाह्या कापलेला. मग चिंध्यांच्या पेटीतून एक काढला, आणखी एक. वर जाऊन बादलीजवळचा काढला, माळ्यावर रजई गुंडाळलेली होती तो काढला. केंद्र दर वर्षी गणवेशाचं कापड देतं आणि दर वर्षी मोजणीच्या आधी ताई त्यांना एक नवा शर्ट शिवते. आमच्या घरात कापड टाकून द्यायची पद्धत नाही.

"कात्री, टेप घे," ती मला म्हणाली. "सगळ्यांचा पुढचा आणि मागचा भाग मोज. मी ज्या वर्षी जेवढं बघितलं तेवढंच कापलंय. जास्त नाही, कमी नाही."

मला कळायला जरा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा मी माझ्या बहिणीकडे नव्याने बघितलं. पुढचा भाग किती आखूड, यावरून त्या वर्षी ते किती वाकले होते ते निघणार होतं. आणि ते निघालं की टेप किती खाली गेली होती तेही निघणार होतं.

रविवारी आम्ही तिघं गाठोडं घेऊन केंद्रात गेलो. मॅडमने लांब टेबल मोकळं केलं. कोणता शर्ट कोणत्या वर्षीचा, हे भाऊजींनीच ओळखायचं होतं, कारण दर वर्षी कापडाची छटा वेगळी यायची. "हा हिरवट, पूर आला त्या वर्षीचा. हा लालसर, याचा रंग माझ्या मानेला लागायचा. हा मॅडम नवीन आल्या तेव्हाचा." सगळे मिळाले नाहीत. एक शर्ट दिवा पुसण्यात संपला होता, एकाची मी पिशवी करून कुणाला तरी दिली होती. जे होते ते एकाखाली एक मांडले. मी मोजत गेले, मॅडम टिपत गेली.

पहिला शर्ट पुढून-मागून सारखा होता. दुसराही. मग पुढचा काठ मागे सरू लागला, आधी दोराभर, मग बोटभर, मग दोन बोटं. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते दिसत होतं, त्यासाठी टेपही नको होती. भाऊजी टेबलाच्या कडेने चालत होते. मधल्या एका शर्टाशी थांबले, त्याच्या काठावरून हात फिरवला आणि म्हणाले, "इथे. इथे मला वाटायचं, मी अजून पोरगा आहे." ताई खिडकीतून बाहेर बघत होती. मला रडू आलं आणि मी ते टेपेला शिव्या देऊन लपवलं.

मॅडमने भाऊजींना टेबलाशेजारी उभं करून बटण जमिनीपासून मोजलं, शर्टांचे आकडे त्याला जुळवले आणि पुन्हा पुन्हा हिशेब केला. "हे मोजमाप नाही, अंदाज आहे," ती म्हणाली. "आणि मी तो अंदाज म्हणूनच सांगणार. पण हात हलवत जाण्यापेक्षा बरा."

हिशेब सुटला तेव्हा भाऊजींचे पैलवान उघडे पडले. ती मोठाली साल टाकणारी झाडं गेली काही वर्षं जवळजवळ वाढतच नव्हती. आम्हाला जेवताना ऐकवलेली त्यांची वाढ बटणाची होती. एवढं होऊनही मिश्र तुकडा शेजारच्यापेक्षा पुढे होता. आधी लांबून बोट दाखवून सांगावं इतका पुढे, आता चष्मा लावून बघावं इतका. आणि तो पुढे होता कुणामुळे, तर खालच्या गर्दीमुळे. मधली आणि बारीक झाडं, ज्यांच्या सालीवर पट्टा शाबूत होता, ज्यांच्यावर भाऊजींनी कधी थाप मारली नव्हती. मोठ्यांच्या फांद्यांमधून सांडलेल्या उजेडावर ती वाढत होती.

"जाती किती, हा एक प्रश्न," मॅडम हळू म्हणाली. "त्या एकमेकींच्या वर-खाली कशा उभ्या आहेत, हा दुसरा. मी पहिल्याच्याच मागे होते."

"आणि मी थोरल्यांच्या," भाऊजी म्हणाले. "थांबलेल्यांच्या."

सोमवारच्या बैठकीत काय झालं ते मला भाऊजींकडूनच कळलं, म्हणून त्यात थोडा मीठमसाला धरा. शर्टांचं ऐकून मोठे साहेब खूप हसले म्हणे. म्हणाले, आता जंगल शिंप्याला विचारून लावायचं का? मॅडम म्हणाली, "जंगल झाडांनीच ठरवलंय, साहेब. शर्टांनी फक्त आमची चूक मोजली." साहेबांनी विचारलं, ही चूक पकडली कुणी? भाऊजी उभे राहिले आणि म्हणाले, "ज्याने केली त्याने." मग साहेब हसायचे थांबले. डोंगराचा वरचा भाग त्यांनी एकाच जातीला दिला, हट्ट तो हट्टच. पण आमच्या गल्लीच्या डोक्यावरचा खालचा उतार मिश्र, आणि तोही एका दिवसात नाही. काही झाडं यंदा, काही पुढे थांबून, म्हणजे धाकट्यांना थोरल्यांची सावली मिळेल.

अर्धंच मिळालं म्हणून मी फणकारले. भाऊजी म्हणाले, "कात्री, जे मिळालं ते खरं आहे." आणि पाय न हलवता जेवले.

पुढच्या शुक्रवारी आम्ही तिघं जंगलात गेलो. केंद्राने नवी काठी दिली होती. साल टाकणाऱ्या प्रत्येक झाडाला काठीच्या उंचीवर छोटा खिळा ठोकायचा होता, म्हणजे आता कुणाच्या छातीचा भरवसा नको. मी काठी धरली, ताईने खिळे दिले, भाऊजींनी हातोडी चालवली. मेलेलं झाड त्यांनी शेवटी ठेवलं होतं.

तिथे खिळा ठोकून झाला आणि ते हातोडी खाली ठेवून झाडाला छाती लावून उभे राहिले. खिळा बटणाच्या बराच वर, गळ्यापाशी आला. त्यांनी श्वास भरून घेतला, खांदे मागे ओढले, टाचा जरा उचलल्या. बटण वर सरकलं, पण खिळ्यापर्यंत काही पोचलं नाही. पुन्हा एकदा प्रयत्न केला. या वेळी एका हाताने खोडाचा आधार घ्यावा लागला.

ताई मागून आली आणि तिने त्यांच्या गोल पाठीवर तळहात ठेवला. इतक्या वर्षांत तिने त्यांना माझ्यासमोर असं कधी धरलं नव्हतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "नवा शर्ट मी याच पाठीचा बेतलाय."

त्यांनी टाचा टेकवल्या. कपाळ त्या वाळक्या लाकडाला लावलं.

"पुढून किती आखूड?" त्यांनी विचारलं.

ताईने बोटं धरून दाखवली, आणि त्यांनी मान वळवून ती नीट बघितली.